बाबांचा आवाज आणि सोनाबाईचा घुमट

सर्वण, डिचोली
६ एप्रिल १९८७

तीर्थस्वरूप सौ. विमलाताईस,
धाकट्या सगुणचा नमस्कार.

घाबरू नकोस. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण छापखान्याचे मालक म्हणतात की माझा चेहरा बघूनच समोरचा माणूस घाबरतो. पत्रात चेहरा दिसत नाही, पण अक्षर दिसते. घरी सगळे जिवंत आहेत. फक्त बाबांचा आवाज गेला आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. त्या सकाळी मी धीर करून त्यांना सुविधाबद्दल सांगितले. मुलगी नार्व्याची आहे, चांगली आहे, वाचते-लिहिते, हे सर्व त्यांनी आनंदाने ऐकले. मग मी वडिलांचे नाव गोपाळराव असे सांगितले. बाबांनी पाव चहात बुडवलेला होता, तो तिथेच गळून पडला. त्यांनी तोंड उघडले आणि शब्द आलाच नाही. तेव्हापासून ते पाटीवर लिहितात.

माझ्या मते आदल्या दिवशी ते उन्हातून येऊन विहिरीचे गार पाणी प्यायले, त्याचा हा परिणाम असावा.

गोपाळराव म्हणजे कोकणीच्या बाजूचे मोठे कार्यकर्ते, हे तुला हरमलला बसून माहीत नसेल. त्यांची पत्रके आमच्याच छापखान्यात छापतात. खिळे मी जुळवतो आणि चुका तपासायला सुविधा येते. बाबांच्या मराठीवाल्यांची पत्रकेसुद्धा मीच जुळवतो. दोन्हीकडचे एकमेकांना काय काय म्हणतात ते सर्वांच्या आधी मला कळते, आणि कुणाला सांगता येत नाही.

आता खरी काळजी. आपल्या घराण्यात मागणे घालायचे ते मुलाच्या बापाने, मुलीच्या बापासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने. चिठ्ठी चालत नाही, मध्यस्थ चालत नाही. आजोबांना ताप होता तर त्यांना खुर्चीवर बसवून नेले होते म्हणे. इकडे गोपाळरावांनी निरोप पाठवला आहे की मिरगाचा पाऊस लागायच्या आत मागणे आले तर बरे, नाहीतर म्हापशाहून एक स्थळ आले आहे. मुलाकडे स्कूटर आहे. माझ्याकडे सायकल आहे आणि तिची घंटी वाजत नाही.

म्हापशाच्या डॉक्टरांनी बाबांचा घसा पाहिला, काही दिसत नाही म्हणाले. झोपेत घोरताना मात्र आवाज चांगला मोठा येतो, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. ते हसले. आजाऱ्याला हसणारा डॉक्टर मला बरा वाटत नाही.

काय करू ते कळव.

तुझा,
सगुण


हरमल
१२ एप्रिल

चि. सगुणास अनेक आशीर्वाद,

मागच्या महिन्यात मी लिहिलेले पत्र तू लाल शाईने चुका काढून परत पाठवलेस. ते तुझ्या भावोजींनी सगळ्या शेजाराला वाचून दाखवले. हे पत्र परत पाठवलेस तर तुझ्या लग्नाला येणार नाही. अर्थात लग्न झाले तर.

मला नीट सांग. बाबा जेवतात काय? पावसाळ्यासाठी भरलेल्या पुरुमेताचे वाळवलेले बांगडे काढले की त्यांचे तोंड उघडते की नाही? एकटे असताना त्यांना कोणी पाहिले आहे काय? आईचे काय म्हणणे आहे? ती हसते काय?

डॉक्टर सोड. वरच्या वाड्यावरच्या सोनाबाई गावडीकडे जा. मला लहानपणी भीती लागली होती, तेव्हा तिनेच माझ्या पाठीला घुमट लावून वाजवला होता. अजून ते घुमणे पाठीच्या मणक्यात आठवते. भीती कुठल्या कुठे गेली, फक्त पुढे आठ दिवस मला सगळ्यांची पोटे वाजवून बघावीशी वाटत होती.

इकडे आमच्या दोन खोल्यांत गोरे उतरले आहेत. एक जण दिवसभर दर्यावर बसून ढोल बडवतो आणि म्हणतो, मी लोकांना बरे करतो. त्याच्या बडवण्याने सासूबाईंचे डोके धरले. तेव्हा वाजवणारा निवडून घे.

तुझी ताई,
विमला


सर्वण
२२ एप्रिल

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार.

तुझ्या पत्रातल्या चुका काढलेल्या नाहीत. फक्त वाचताना मोठा श्वास घेतला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. बाबा जेवतात. वाळवलेले बांगडे असले की भात पुन्हा घेतात. एकटे असताना विहिरीवर कोणीतरी गणपतीची आरती गुणगुणत होते असे मला वाटले, पण मी गेलो तर तिथे बाबाच होते, म्हणजे तो शेजारच्यांचा रेडिओ असणार. आई हसत नाही, पण पदर सारखा तोंडाला लावते. रडते असावी. झोप तर तिची फेब्रुवारीपासून उडालेली आहे. कोकणी राजभाषेचा कायदा झाल्यापासून आपल्या ओसरीवर रोज सभा भरते आणि चहा तिलाच करावा लागतो.

सोनाबाईकडे गेलो. आधी मी एक व्यवस्थित विनंतीपत्र लिहून तिच्या नातवाहाती पाठवले होते. तिने ते चुलीत घातले. मी गेलो तेव्हा ती अंगणात माडाच्या चुडताची झाडू करत बसली होती.

"कागद धाडटा माका? हांव काय मामलेदार?" ती म्हणाली. "नारळ घेऊन उंबऱ्यार यो. दुखण्याचें नांव तोंडान सांग."

मी दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन गेलो आणि उंबऱ्यावर ठेवला. ठेवल्यावर तिने नियम सांगितले. नारळ ठेवला म्हणजे ती रोज येणार, दुखणे उत्तर देईपर्यंत येणार, मध्येच सोडून जाणार नाही. तोवर तिचे जेवण आपल्या घरी, आणि चांगले. आजाऱ्याने मात्र अळणी पेजेशिवाय काही खायचे नाही. ताई, हे नारळ ठेवण्याआधी विचारायला हवे होते काय? मला वाटले होते, एक वेळ वाजवेल आणि जाईल.

हे सगळे मी घरी सांगितले. बाबांनी पाटी घेतली आणि लिहिले, "तीचे गाणे कोंकणीत असते. मी कोंकणीत बरा होणार नाहि." मी त्यातल्या दोन चुका सुधारून पाटी परत दिली, तर त्यांनी ती माझ्या दिशेने फेकली. मग पुन्हा लिहिले, "मराठीत गाईल तरच."

तेव्हा मी सोनाबाईचे एक गाणे ऐकून त्याचे शुद्ध मराठीत भाषांतर केले. छापखान्यात बसून, सुविधाला दाखवून केले. "हे वायो, आगमन कर, अस्थींमधील वेदना वाहून ने." सुविधा बराच वेळ प्रूफाच्या कागदामागे तोंड लपवून बसली होती. तिला ते भावले असावे.

सोनाबाईने एक ओळ म्हटली आणि थांबली.

"अस्थी? जित्या मनशाक अस्थी म्हणूं? उद्यां मेलो तर पोलीस माकाच धरतले."

"मग मराठीत दुसरा शब्द घालतो."

"बाबा, तुमी मराठी म्हणटात, ते कोंकणी म्हणटात. आमी गावडे तुमच्या दोगांयच्या आदीं हांगा आसलीं. आमकां कोणें विचारलां? म्हज्या घुमटाक दोनूय कळनांत. ताका कातडें कळटा आनी हात कळटा."

तिचे म्हणणे मी बाबांना कळवले. मी त्यांना गाणे ठेवू नका, नुसता घुमट ठेवा असा तोडगा सुचवला. त्याला त्यांनी मान हलवली. सोनाबाईला हा तोडगा सांगितला तेव्हा ती "बरें" एवढेच म्हणाली आणि हसली. तिचे हसणे मला काळजीचे वाटते.

सगुण


हरमल
२६ एप्रिल

चि. सगुणास आशीर्वाद.

तू नारळ ठेवलास ते बरे केलेस. आता मागे घेऊ नकोस. पेज अळणीच ठेव. आईला सांग, बाबांच्या ताटात लोणच्याची फोडसुद्धा पडता कामा नये, आणि सोनाबाईला तिसऱ्यांचे, शिंपल्यांचे सुके रोज कर.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले होते, मिरच्या आणि मीठ घ्यायला. एक ओळखीची बाई झाडू विकायला बसली होती. बसून खूप बोललो. जुन्या गोष्टी निघाल्या, बाबांच्या तरुणपणच्यासुद्धा. मिरच्या घ्यायच्या राहिल्याच.

तू नुसता बघत राहा. तुला काही करायचे नाही. तुला काही करायचे नसले की तू आजारी पडतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते, पाहिजे तर घुमट तापवायला उन्हात धरून बस.

विमला


सर्वण
१२ मे

तीर्थस्वरूप ताईस,

बाबांचा आवाज आला. हे आधीच लिहितो. तो कसा आला हे लिहायला मात्र मला भीती वाटते, कारण ते सर्व वाड्याने ऐकले आहे.

सोनाबाई रोज सकाळी यायची. घुमट आधी उन्हात ठेवायची. तो मातीचा, मडक्यासारखा, एका तोंडाला घोरपडीचे कातडे आणि दुसरे तोंड उघडे. कातडे ताणले की ती बोटाने एकदा टिचकी मारून ऐकायची. मग मांडी घालून बसायची, उजव्या हाताने वाजवायची आणि डाव्या हाताने मागचे तोंड मिटायची, उघडायची. मिटले की आवाज आत जातो, उघडले की माणसाच्या पोटात येतो. मी हे जवळून पाहिले. माझ्या पोटात आला.

पहिल्या दिवशी तिने नुसता घुमट वाजवला. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. दुपारी तिच्यासमोर तिसऱ्यांचे सुके आले आणि बाबांसमोर पेज आली. बाबांनी डोळे उघडले आणि बराच वेळ तिच्या ताटाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिने आईला बोलावले. "यशोदा, तू हांगा बस. तुज्या डोळ्यांक न्हीद ना." आईच्या पाठीला घुमट टेकवून ती हळू वाजवू लागली आणि काहीतरी गुणगुणू लागली, त्याला शब्दच नव्हते. आई बसल्या जागी कलंडली. ताई, ती दुपारची झोपली ती दिवेलागणीला उठली, आणि उठून म्हणाली की फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा स्वप्न पडले. तेव्हापासून ती रोज थोडा वेळ घुमट लावून घेते. शेजारच्या सुलोचनाकाकीसुद्धा येऊन बसल्या. माझेसुद्धा दडपण जरा कमी झाले, पण ते मी सोनाबाईला सांगितले नाही, नाहीतर मलाही पेज मिळाली असती.

बाबांना मात्र काही उतार पडेना. ते बारीक होऊ लागले. एकदा मी त्यांच्या उशीखाली बांगड्याचा काटा पाहिला. मांजराने आणला असेल.

मग गेल्या रविवारी सोनाबाई म्हणाली, "आतां दुखण्याक विचारुया." तिने गाणे सुरू केले. ते मराठीत नव्हते आणि वायूलाही बोलावत नव्हते. ते बाबांवरच होते. जागरात गावडे लोक गावातल्या माणसांची नावे घेऊन थट्टेची गाणी म्हणतात, तसे. बाबुराव बैलाला बघून फणसावर चढला. बाबुरावाच्या लग्नात मुंडावळ्या बकऱ्याने खाल्ल्या. एक गाणे झाले की घुमट थांबवून ती खरे की खोटे ते विचारायची, "खरें काय फट?" घरच्या माणसांनी उत्तर द्यायचे असते. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "खरें." बाबा लाल होत होते, पण गप्प होते.

अंगणात माणसे जमली. बाबांच्या मराठीवाल्यांची सभा त्याच वेळी होती, तीही येऊन उभी राहिली. तेव्हा सोनाबाईने जनमत कौलाचे गाणे काढले. तू तेव्हा लहान होतीस, मी पाळण्यात होतो. महाराष्ट्रात जायचे त्यांनी फुलावर मत द्यायचे, गोवा वेगळा ठेवायचा त्यांनी दोन पानांवर.

"गोरवां सोडून बाबुराव गेलो मत घालूंक,
फुलाक पाठ केली, दोन पानांक लागलो हांसूंक."

घुमट थांबला. तिने विचारले, "खरें काय फट?"

आई म्हणाली, "खरें आसतलें."

बाबा खाटेवरून उठले. "फट," ते ओरडले. "सारी फट. फुलार घातलें हांवें मत. पयल्या पारार वचून फुलार घातलें. कोण म्हणटा दोन पानां? हाड ताका हांगा, म्हज्या मुखार उबो कर."

मराठीवाले एकमेकांकडे बघू लागले, कारण बाबा पत्रकांत लिहितात की मराठीच आमची मायबोली, आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडले तर त्यातून हे बाहेर पडले.

"आयलो मरे ताळो, आयलो आवाज," सोनाबाई म्हणाली आणि घुमट फडक्यात बांधू लागली.

बाबांनी पाटी ओढली आणि घाईने लिहिले, "पून्हा गेला." सोनाबाईने फडक्याची गाठ सोडायला घेतली. तेव्हा बाबा म्हणाले, "ना, ना. आसा. हांगाच आसा." मग आईकडे वळून म्हणाले, "बांगडो आसा काय?"

मी विचार केला, हा सर्व कातड्याच्या कंपाचा परिणाम असणार. घसा आतून मोकळा झाला. पण बाबांच्या तरुणपणच्या गोष्टी सोनाबाईला कुठून समजल्या, हे काही कळत नाही. मंत्रविद्या असावी.

आता मागणे. बाबा म्हणतात, जाऊया, पण त्या माणसाशी मी गोड बोलणार नाही. मिरग जवळ आला.

सगुण


हरमल
१८ मे

चि. सगुणास,

होय, मंत्रविद्याच असावी.

बाबांनी गोड बोलावे असे कुणी सांगितले? मागावे एवढेच आहे. नेताना सोनाबाईला बरोबर ने. दुखणे उठले तर जवळ असलेली बरी. घुमट वाजवायची गरज नाही, नुसता सोबत असू दे.

आणि तू तिथे तोंड उघडू नकोस. तू घाबरलास की माणसांचे शब्द सुधारू लागतोस.

भावोजींनी तुझे पत्र गोऱ्याला कोकणीत समजावून सांगितले. त्याला एकही शब्द कळला नाही, पण तो रडला. आता तो ढोल वाजवण्याआधी लोकांना विचारतो, म्हणजे दर्यावर बरीच शांतता असते.

विमला


सर्वण
१ जून १९८७

तीर्थस्वरूप ताईस,

काल रविवारी आम्ही नार्व्याला गेलो. परवाच गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्यामुळे रस्त्यात जो तो दुसऱ्याला थांबवून अभिनंदन करत होता, अगदी ज्यांचे एकमेकांशी बोलणे नाही तेसुद्धा. आधी सप्तकोटेश्वराला नारळ ठेवला. बाबांनी देवाला काय सांगितले ते ऐकू आले नाही. मी काय सांगितले ते तुला माहीत आहे.

गोपाळरावांच्या ओसरीवर बाकावर बाबा आणि ते समोरासमोर बसले. मी उंबऱ्याजवळ उभा राहिलो. सोनाबाई अंगणात बायकांबरोबर सुपारी कातरत बसली, घुमट फडक्यातच होता. सुविधा पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

बाबांनी घसा साफ केला. मला वाटले आता मागणार. ते म्हणाले, "राज्य जालें. बरें जालें. पूण आमची भास तुमी बुडयली."

गोपाळराव म्हणाले, "तुमची भास खंयची? आतां तोंडान उलयता ती?"

"चवथीक तुमी आरती खंयच्या भाशेंत म्हणटात?"

"मराठींत म्हणटांव. आनी तुमी बैलाक गाळी खंयच्या भाशेंत दितात?"

ताई, तासाभराने चहा आला, तो निवला, दुसरा आला. मागण्याची गोष्टच निघेना. मी दोनदा खोकलो. बाबांनी मला बाहेर जाऊन खोकायला सांगितले. मला म्हापशाची स्कूटर ऐकू येऊ लागली. खरेच कुठलीतरी येत होती, पण ती नदीकडे गेली.

शेवटी बाबा बाकावर हात आपटून म्हणाले, "तुमचें चेडू, ही सुविधा, आमच्या घरा दियात. वर्साभितर शुद्ध मराठी उलयतलें, पैज."

गोपाळराव म्हणाले, "दितां. घेवन वचात. वर्साभितर तुमचें सगळें घर कोंकणी उलयना जाल्यार म्हजें नांव बदला."

"दियात तर."

"दिलें म्हणटां न्ही."

आणि दोघे पुन्हा चवथीच्या आरतीवर गेले.

तेवढ्यात सुविधा दारात आली. तिने सोनाबाईला विचारले, "सोनाबाय, तुवें आयकलें?"

"आयकलें," सोनाबाई म्हणाली. "बापायन तोंडान मागलें. बापायन तोंडान दिलें."

सुविधाने आतून साखरेची वाटी आणली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. म्हणाली, तुळशीचे लग्न झाले की पहिली बरी तिथी धरूया, आमंत्रणपत्रिका दोन्ही भाषांत काढूया आणि प्रूफे मी तपासणार. मी तिचा एकही शब्द सुधारला नाही. साखर तोंडात टाकली.

मी तिला विचारले, मागणे झाले असे दोघांना सांगूया का? आम्ही ओसरीकडे पाहिले. बाबांनी चप्पल काढून पाय वर घेतले होते आणि गोपाळराव त्यांना पानाचा डबा पुढे करत ओरडत होते.

ती म्हणाली, बोलणे संपू दे. म्हणून अजून सांगितलेले नाही. बाबा रात्री तिथेच राहिले.

तुझा,
सगुण